गुणाची पोर

२० नोव्हेंबर १९८८, रविवार

आज पुन्हा एकीने शालूचं कौतुक केलं. ह्या वेळी शेजारची सखुबाई काकी. ओटीवर तांदूळ निवडता निवडता आईला म्हणाली, "मंजुळे, तुझी धाकटी गुणाची झाली गो! घरात हाय का नाय ते पण कळत नाय. नायतर आधी— बाप रे!"

आई खूष. दिवाळीपासून हेच चाललंय. शालू भांडत नाही. उलट बोलत नाही. काकीच्या जयूच्या झिंज्या ओढत नाही. ताटात पडेल ते खाते— म्हणजे निम्मं ठेवते— पण मागत काही नाही. पंधरा वर्षांची मुलगी अशीच असावी असं सगळ्यांचं म्हणणं.

मलाही बरं वाटायला हवं. वाटत नाही. माझा स्वभावच मेला असा— काही चांगलं झालं की मी खोट शोधत बसते.

२३ नोव्हेंबर

शालूच्या शाळेत जाऊन आले. तिची पालक मीच, ती पाचवीत होती तेव्हापासून. आई डोंबिवलीच्या बाजारात मासळी घेऊन बसलेली असते. बाबांना सही येत नाही, आणि प्रगतिपुस्तकावर अंगठा दिसला की शालू रडायची. मी तेव्हा नुकतीच दहावी झालेली, घरातली पहिली. "पालकाची सही" ह्या रेघेवर तेव्हापासून माझंच नाव. आज गणितात नापास, इतिहासात काठावर.

बाई मात्र म्हणाल्या, "शालूची काही तक्रार नाही हो. मागच्या बाकावर शांत बसते. गेल्या वर्षी हिच्या बडबडीने माझं डोकं उठायचं!"

मी विचारलं, "बाई, पण इतकी शांत?"

"वय वाढलं ना. समज येते."

येत असेल. गेल्या वर्षापर्यंत ती आईच्या गिऱ्हाइकांच्या नकला करायची. पिशवी छातीशी धरून, इकडेतिकडे बघत, एकदम हळू आवाजात— "मंजुळाबाई, पापलेट ताजं आहे ना? आणि कागदात नीट गुंडाळा हं, आमच्या मजल्यावर कळायला नको!" बाबा हसून हसून खोकायचे. शेवटची नक्कल कधी केली? आठवून बघितलं. गणपतीत तर नक्कीच नाही.

४ डिसेंबर

दुपारभर झोपली. उठली तरी डोळे तसेच. केसांचा गुंता झालाय, विंचरत नाही. मी म्हटलं, "अगं, उठ ना, जरा बाहेर तरी जा."

"थकले गो ताय."

"काय केलंस एवढं थकायला?"

बोलून गेले. ती भिंतीकडे वळली. असं बोलायला नको होतं. पूर्वीच्या शालूने मला उशी फेकून मारली असती.

संध्याकाळी काकीने शालूवरून मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. सगळ्यांना ठसका लागला, जयू तर बाहेर पळाली. शालू तशीच बसून होती. डोळ्यांतून पाणी. मिरचीचं की कशाचं— कोणी विचारलं नाही. मीपण नाही.

११ डिसेंबर

शालूने मला तिचं पेन दिलं! ते निळं, सोनेरी टोपणाचं. सहावीत वक्तृत्वात पहिली आली म्हणून बाबांनी ठाण्याहून आणलेलं. मला कधी हात लावू द्यायची नाही. एकदा मी फक्त टोपण उघडलं होतं तर चावली होती मला! आणि आज स्वतःहून—

"घे. तुला कॉलेजात लागतं."

"आणि तुला?"

"मना काय करायचंय."

हे त्याच पेनने लिहितेय. शाई किती छान सुटते.

जयूला तिने आपले चांदीचे पैंजण दिले. रंगपेटी समोरच्या घरी देऊन टाकली. आईचा ऊर भरून आला. आमच्या घरात रीत आहे— लग्न ठरलेली मुलगी हळदीच्या आधी आपल्या लहानपणच्या वस्तू धाकट्यांना वाटून टाकते. आईने वाटल्या, आजीने वाटल्या. आई म्हणाली, "बघ, न सांगता हात मोकळा केला. पोर संसाराला तयार झाली."

१८ डिसेंबर

मोहने गावाहून पाहुणे आलेले. चांगदेव म्हणून मुलगा आहे, त्याची आई आणि मामा. आईने "पोर तयार झाली" असं कुठे कुठे सांगितलं असेल, त्याचं हे फळ. शालूने पाणी आणलं, खाली मान घालून उभी राहिली. चांगदेवची आई म्हणाली, "शांत हाय पोर. आमाला अशीच पायजे. आमची थोरली सून लय तोंडाळ!"

सगळे हसले. लग्न तीन वर्षांनी, पण सुपारी ह्या शिमग्यालाच फोडायची म्हणतात.

ते गेल्यावर मी ओरडले, "आये, ती पंधरा वर्षांची आहे! नववीत आहे!"

"लगीन उद्या हाय का? सुपारी फोडून ठेवायची. तुझं नाय का ऐकलं आमी? शिकवली ना? हिला नाय शिकायचं, बघतेस ना निकाल."

बाबा तंबाखू मळत बसलेले. वर बघितलं नाही.

मी शालूला एकटीला विचारलं, "तुला काय वाटतं?"

"काय पण करा."

रागाने म्हणाली असती तर चाललं असतं. तिचा आवाज कसा होता ते लिहिता येत नाही. दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय अशी.

७ जानेवारी १९८९, शनिवार

कुठून सुरू करू?

ठाण्याला माझ्या कॉलेजच्या फलकावर लावलं होतं— पालकांसाठी व्याख्यान, वयात येणाऱ्या मुलांचं मन. मी गेले. सगळे चाळिशीतले आईबाप. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "तुमचं मूल कितवीत?" मी म्हटलं, "नववीत." ते माझ्याकडे बघतच राहिले. इतर वेळी हसू आलं असतं.

ठाण्याच्याच एक डॉक्टर बाई बोलायला होत्या. साध्या बोलल्या. म्हणाल्या, "त्रास देणाऱ्या मुलाला तुम्ही माझ्याकडे आणता. त्रास द्यायचं अचानक बंद केलेल्या मुलाला आणत नाही. त्याचे तुम्ही पेढे वाटता."

मी वही बंद केली. लिहूनच घेता येईना. सगळं शालूबद्दलच बोलत होत्या! झोप, जेवण, आवडत्या गोष्टींवरून मन उडणं, केसांकडे लक्ष नसणं. हा आळस नाही, नाटक नाही, आजार आहे. डिप्रेशन म्हणतात. औषध आहे.

मग म्हणाल्या, "आणि मूल आपल्या जिवापाड जपलेल्या वस्तू वाटायला लागलं, निरवानिरव केल्यासारखं, तर एक दिवससुद्धा थांबू नका. सरळ विचारा— मरावंसं वाटतं का? विचारल्याने डोक्यात नसलेलं येत नाही. असलेलं बाहेर येतं."

पेन माझ्या हातात होतं.

हे बॉलपेनने लिहितेय. ते कपाटात ठेवलं. त्याच्याकडे बघवत नाही.

८ जानेवारी

नाही विचारलं. तिच्या मागे मागे फिरले दिवसभर. ती म्हणाली, "काय गो, शेपटीसारखी?" मी म्हटलं, काही नाही.

९ जानेवारी

आजपण नाही. तोंडापर्यंत येतं. मी विचारलं आणि ती हो म्हणाली तर मी काय करू? सही करून टाकता येणार नाही ह्याच्यावर.

आईला सांगायला हवं. उद्या. नक्की.

१० जानेवारी

सांगितलं.

आई बाजारातून आलेली, विळीवर उरलेले बोंबील साफ करत होती. बाबा पलीकडे. शालू काकीकडे. मी डॉक्टर बाईंचं सगळं सांगितलं, जसं आठवेल तसं, घाईघाईत.

आई म्हणाली, "उदास? खायला हाय, ल्यायला हाय, डोक्यावर कौलं हायत. उदास कशापायी? आमाला नव्हता वेळ उदास व्हायला."

मी म्हटलं, दवाखान्यात नेऊ या. ठाण्याला.

बाबा एकदम उठलेच. "ठाण्याला? येड्यांच्या हास्पिटलात? येडी हाय का माझी पोर? गाव काय म्हणंल— गुणाजीनं पोरीला ठाण्याला नेली!"

"बाबा, मी रोज जाते ठाण्याला!"

"तू शिकायला जातेस. लय बोलू नको."

मग मी रडायला लागले. रडत रडतच ते वस्तूंचं सांगितलं. पेनाचं, पैंजणांचं. "आये, ती संसाराला तयार नाय झाली. ती आवरून ठेवतेय सगळं."

आईचा हात थांबला. विळीवर अर्धा बोंबील तसाच.

मग म्हणाली, "आवडीनं मना तिचं लुगडं दिलेलं."

आवडाबाई मावशी, आईची धाकटी बहीण. मी जन्मायच्या आधीच गेली. घरात एवढंच सांगतात— खाडीवर पाय घसरला.

"हिरवं लुगडं. तिचं सगळ्यात आवडीचं. म्हणाली, मंजू, तू नेस, तुला शोभंल. चार महिने मुकाट फिरायची ती पण. सगळी म्हणायची आवडी गुणाची झाली." आई माझ्याकडे बघत नव्हती. "मी ते नेसून शिमग्याला नाचले गो, बाय. आठवडा नाय झाला तर ती गेली. पाय घसरला म्हणाले. मी पण म्हटलं, घसरला."

बाबा खाली बसले.

आईने हात धुतले, पदराला पुसले आणि काकीच्या दारात जाऊन हाक मारली, "शालू, घरी ये." शालू आली. आईने तिला समोर बसवलं. मला वाटलं होतं, मी सांगेन कसं विचारायचं. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"शालू, मरावंसं वाटतं का गो तुला?"

शालूने मान वर केली. किती दिवसांनी तिने कुणाच्या तरी डोळ्यांत बघितलं.

"रोज नाय, आये."

आई ओरडली नाही. ऊर बडवला नाही. मी आईला ओळखते, तिला केवढं जड गेलं असेल! तिने शालूचं डोकं मांडीवर घेतलं, बोंबलाचा वास येणाऱ्या त्या हातांनी तिचा गुंता सोडवत बसली. शालू आधी नुसती पडून होती. मग रडली. आई एवढंच म्हणत होती, "बरं झालं सांगितलंस. बरं केलंस गो."

बाबा कोपऱ्यातून म्हणाले, "उद्या किती वाजता जायचं?"

११ जानेवारी, बुधवार

बुधवार म्हणजे आईच्या मोठ्या धंद्याचा दिवस. गेली नाही. ताप असतानासुद्धा गेलेली बाई!

आम्ही चौघं निघालो. बाबांनी लग्नाकार्याचा शर्ट घातलेला. काकी दारातच उभी. "सगळी मिळून कुठं गो?"

मी म्हणणार होते, कॉलेजात काम आहे. तोंडात शब्द तयार होते. पण आई मोठ्याने म्हणाली, अर्ध्या आळीला ऐकू जाईल असं— "ठाण्याला. डॉक्टरकडं. शालूला बरं नाय."

काकीचा आ वासलेला. बाबा चपलांकडे बघत चालत राहिले, पण चालत राहिले.

दवाखान्यात डॉक्टर बाईंनी विचारलं, "पालक कोण?" सवयीने मी पुढे झाले. आईने मला हाताने मागे सारलं. "मी. आई मी हाय."

मी बाकावर जाऊन बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी फक्त बहीण होते.

बाई शालूशी एकटीशी बोलल्या, मग आम्हाला आत घेतलं. गोळ्या दिल्या. म्हणाल्या, गुण यायला काही आठवडे लागतील, मध्येच बंद करायच्या नाहीत. तिला एकटं ठेवू नका. घरातलं धोक्याचं सगळं कुलपात. ती बोलली तर ऐका, उपदेश नको. नाही बोलली तर नुसतं बसा. आणि पुन्हा तसं वाटलं तर तिने कुणाला सांगायचं, ते तिलाच ठरवू दे.

शालू म्हणाली, "आयेला."

आईने विचारलं, "बाई, माझं काय चुकलं?"

"पोरीला मलेरिया झाला असता तर हे विचारलं असतंत?"

"मच्छर शोधला असता," आई म्हणाली.

डॉक्टर बाई हसल्या. शालू नाही हसली. पण तिने आईकडे बघितलं. मी बघितलं ते.

२० जानेवारी

बाबा हल्ली जाळं बंदरावर विणत नाहीत. घरी आणलंय, ओटीवर पसरलंय, सगळ्या घराला खाडीचा वास. कुणी विचारलं तर म्हणतात, "तिकडं वारा लागतो." शालू दाराशी बसते. दोघं बोलत नाहीत. परवा ती सुईत दोरा भरून देत होती.

आईचं जमत नाही अजून. सारखी म्हणते, "हस गो जरा. मोप काय काय हाय आपल्याकडं." शालू अजून आत आत जाते. मी आईला खूण केली. चिडली माझ्यावर, "मग मी बोलू तरी काय?" मी म्हटलं, काही नको. आई— बाजारात जिच्या आवाजाने दहा जणी गप्प होतात— ती आज संध्याकाळी अर्धा तास शालूजवळ गप्प बसली. शेवटी शालूच म्हणाली, "आये, पाय दुखतात तुझे?" आणि चेपून दिले.

मोहन्याहून चांगदेवचा मामा विचारायला आलेला, शिमग्याचं काय? आई म्हणाली, "पोरीला आजार हाय. सुपारी नाय फोडत. आणि बरी झाली म्हणजे भांडखोर होईल, आधीच सांगते. तशी चालंल का?"

तो चहा न पिताच गेला.

काकी म्हणते, ठाण्याचा शिक्का बसला, आता कोण करणार. आई म्हणाली, "बसू दे. पोर तर बसलीय ना समोर?"

२ फेब्रुवारी

वाईट दिवस. पुन्हा भिंतीकडे तोंड. जेवली नाही. म्हणाली गोळ्यांचा काही उपयोग नाही, सोडते. आई बाजार अर्धा टाकून आली. शालूने स्वतः जयूला पाठवलं होतं बोलवायला— "आयेला सांग, आज तसं वाटतंय."

तिने सांगितलं! हे मी स्वतःला सारखं सांगतेय. वाईट दिवस आहे पण तिने सांगितलं. तरी दर थोड्या वेळाने उठून तिला बघून येतेय.

३ फेब्रुवारी

आई आणि शालू डॉक्टर बाईंना भेटून आल्या. गोळी थोडी वाढवली. आईने येताना वेणी आणली— दोघींना एक एक. शालूने घातली नाही. फेकलीही नाही.

१९ फेब्रुवारी

जवळ्याची भाकरी दोनदा मागितली. मागितली!!

मी इतकी टक लावून बघत होते की शालू म्हणाली, "ताय, मी जेवतेय, सिनेमा नाय." बाबांना ठसका लागला.

लगेच खूष व्हायचं नाही. काल दिवसभर झोपून होती. बाई म्हणाल्यात, खालीवर होणार.

पेन परत द्यायला गेले. "ठेव गो," म्हणाली. कपाटात ठेवलं तसंच.

१२ मार्च

आईने ट्रंकेतून हिरवं लुगडं काढलं. इतकी वर्षं होतं, मला माहीतच नाही. उन्हात वाळत घातलं. घड्यांवर विरलंय.

शालू बघत उभी. "कुणाचं?"

आईने सगळं सांगितलं. लपवलं नाही काही. मला वाटलं, आत्ता कशाला! तिला त्रास होईल! मी मध्ये पडणार होते. शालूने मला थांब म्हटलं.

मग विचारलं, "मावशीला पण माझ्यासारखं व्हायचं?"

"होत असंल. आमी विचारलंच नाय कधी."

शालूने लुगड्याची उलटलेली बाजू सरळ केली. दोघी तिथेच उभ्या राहिल्या, सुकेपर्यंत.

२० मार्च

उद्या-परवा शिमगा. दुपारी जयू नाचाच्या तालमीला निघाली, पायांत शालूचे पैंजण, छुमछुम करत आमच्याच ओटीवरून. शालूचा आवाज अख्ख्या आळीत—

"ए जये! काढ ते! माझे हायत!"

"तूच दिलेस ना?"

"दिले तर दिले! आता काढ! वाटून घ्यायला मी काय मेलेय का?"

झिंज्या ओढल्या. काकी धावत आली, "मंजुळे, आवर गो तुझ्या पोरीला!" आई दारात उभी होती. आवरलं नाही. चौकट धरून खाली बसली आणि पदर तोंडाला लावला.

मग शालू पैंजण हातात घेऊन, लाल होऊन, माझ्याकडे वळली. "आन् तू गो? माझं पेन कुठाय?"

काढून दिलं. तिने टोपण उघडलं, हातावर ओढून बघितलं. उठेना.

"शाई वाळवलीस, बावळट!"

अजून बोलत नाहीये माझ्याशी.